सातवा डाग

जिनदास अय्याला, म्हणजे जिनदासदादाला, जपानी वाचता येतं, अशी श्रीलंकेतल्या आमच्या बिबिले गावात समजूत आहे. ती खरी नाही. आमच्याकडच्या बहुतेक गाड्या जपानात वापरून झाल्यावर इथे येतात, आणि त्यांच्या डॅशबोर्डवरची अक्षरं तिकडचीच राहतात. जिनदासला त्यातली तीन-चार चित्रासारखी पाठ आहेत. काठी टेकलेल्या म्हाताऱ्यासारखं अक्षर दिसलं की तेलाची गोष्ट चालली आहे, एवढं त्याला पुरतं. बाकी बोटं जाणतात. चावी अर्धी फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही. काट्याजवळचा खुंटा दाबून धरायचा. आकडा लुकलुकायला लागतो, तरी सोडायचा नाही. मग पाच हजार येतं, आणि तेल बदलण्याची आठवण करणारा नारिंगी दिवा विझतो. पुढचे पाच हजार किलोमीटर तो गप्प.

प्रेमरत्न मुदलालींच्या, म्हणजे प्रेमरत्न शेठच्या, गॅरेजमध्ये तो सतराव्या वर्षी गाड्या धुवायला लागला. आता सत्तावन्न वर्षांचा आहे. दिवा विझवण्याचं काम दुसरं कोणी करत नाही, कारण जिनदासचा एक नेम आहे. नवं तेल भरल्यावर तो तेलाची पट्टी बाहेर काढतो, खिशातल्या पांढऱ्या फडक्याला टेकवतो, डाग बघतो, आणि मगच दिवा विझवतो. दिवसाला एक फडकं. संध्याकाळी त्याची बायको सोमा ते धुते आणि रोज म्हणते, "एवढे डाग पडतात, पण एकाला म्हणून चव नाही."

गेल्या एप्रिलमध्ये, नवं वर्ष लागायच्या आदल्या दिवशी, गॅरेजसमोर रांग होती. जुन्या वर्षाची घाण नव्यात न्यायची नाही, म्हणून जो तो गाडी घेऊन येतो. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी नोनगते सुरू होणार होतं. दोन वर्षांच्या मधली ही वेळ कुणाचीच नसते. तेव्हा काम करायचं नाही, चूल पेटवायची नाही, पैसा द्यायचा नाही आणि घ्यायचाही नाही. देवळात जायचं, नाहीतर बसून राहायचं.

रांगेत शेवटची व्हॅन इनोकाची होती. ती शाळेच्या मुलांची ने-आण करते. जिनदास व्हॅन खड्ड्यावर घ्यायला आत बसला. चावी फिरवली तर नारिंगी दिवा समोर. त्याचे हात नुकतेच धुतलेले होते, पुढे काळे होणार होते. चाळीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्याने केलं. खुंटा आधीच दाबला. दिवा विझला. तेवढ्यात देवळाच्या बाजूने नोनगते लागल्याचे फटाके वाजले. सगळ्यांनी हातातले पाने जिथल्या तिथे ठेवले. जिनदास खाली उतरला आणि हातपाय धुवायला मागच्या विहिरीवर गेला.

इनोका केळ्यांचा घड घेऊन आली तेव्हा व्हॅनजवळ मुदलाली एकटेच होते.

"झालं का?"

मुदलालींनी वाकून डॅशबोर्डवर पाहिलं. "दिवा विझलाय. म्हणजे झालं. पैसे नव्या वर्षात दे."

ती निघून गेली. जिनदास परत आला तेव्हा व्हॅन नव्हती. काम उरकलेल्या गाड्या जातात तशी तीही गेली, असंच त्याच्या मनाने धरलं.

घरी करण्यासारखं काहीच नव्हतं. चूल थंड, अंगण झाडलेलं. कोकिळा ओरडत होती. सोमाने खिशातून फडकं काढलं आणि म्हणाली, "आज धुता येत नाही हो. राहू दे इथेच." तिने ते खुर्चीच्या पाठीवर पसरलं. जिनदास त्याच्याकडे बघत बसला. आज गाड्या सात झाल्या होत्या. डाग सहा होते.

त्याने पुन्हा मोजले. मग मुदलालींना फोन लावला.

"अरे, तेल जुनं आहे, संपलेलं तर नाही ना," मुदलाली म्हणाले. "आठ दिवसांनी बोलावून बदलून टाकू. कशाला सांगत फिरतोस?"

"ती उद्या सकाळी आईला घेऊन कँडीला चालली आहे. अठरा वळणांच्या घाटाने. व्हॅनमध्ये नऊ माणसं."

"घाट चढल्या नाहीत का जुन्या तेलावर गाड्या? आणि दिवा तर विझलेला आहे. कोण बघतंय?"

"तेच तर झालंय, मुदलाली. दिवा परत लावता येत नाही."

मग मुदलाली म्हणाले, "नावाला बट्टा लागेल तो गॅरेजच्या. तुझ्या एकट्याच्या नाही."

"उद्याचं पहिलं काम मी त्या व्हॅनचं करणार," जिनदास म्हणाला. दर वर्षी मुहूर्तावर पहिलं काम मुदलालींच्या जीपचं व्हायचं. "जीपचं त्यानंतर." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

सोमा ऐकत होती. ती आत गेली आणि विड्याच्या पानांची एक गड्डी घेऊन आली. नव्या वर्षात धाकटे थोरल्यांसमोर वाकतात, पानं देतात आणि वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात.

"ती माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे," जिनदास म्हणाला.

"वय नका बघू, चूक कोणाची आहे ते बघा," सोमा म्हणाली. "आणि सायकल हळू चालवा. चूक कबूल करायला उशीर झाला म्हणून कोणी पडत नाही."

उन्हं उतरत असताना तो इनोकाच्या दारात पोचला. ती पायरीवर बसून आईच्या केसांतला गुंता सोडवत होती. त्याने पानांची गड्डी दोन्ही हातांनी पुढे केली. ती गडबडून उठली.

"अय्या, हे काय उलटंच?"

"घे आधी. मग सांगतो." आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खुंटा कधी दाबला, फटाके कधी वाजले, डाग किती.

इनोकाने व्हॅनकडे बघितलं. पानं तिच्या हातात तशीच होती.

"मी तेल बघायला वाकले नाही," ती म्हणाली. "तुमचा दिवा बघितला. बाकी कोणाचा असता तर वाकले असते." तिचा आवाज चढला नाही. जिनदासला तो चढायला हवा होता. "इंजिन बसलं तर नवं घ्यायची माझी ऐपत नाही, अय्या. मग मुलं दुसऱ्या गाडीने जातील."

"माहीत आहे. म्हणून आलो."

"आम्हाला साडेसातला निघायचंय. धाकटा भाऊ तिकडे वाट बघतोय."

"कामाचा मुहूर्त सहा बावन्नचा आहे. त्याआधी मी पान्याला हात लावू शकत नाही. व्हॅन पावणेसातला घेऊन ये."

तिची आई केस मागे सारत वळली. ती म्हणाली, "अगं, पानं घेतलीस ना हातात? मग त्याला बस तरी म्हण. पाणीही देता येत नाही आज, खुर्ची तरी दे."

जिनदास बसला. तिघं अंधार पडेपर्यंत बसून राहिले. त्या वेळात तेवढंच करता येतं.

सकाळी इनोका व्हॅन घेऊन आली तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं. पंचांगात त्या वर्षीच्या मुहूर्तासाठी हिरवा रंग सांगितला होता. मुदलाली हिरवा शर्ट घालून दारात उभे होते. त्यांची जीप बाजूला, झाडाखाली होती. खड्ड्याशी तेलाचा नवा डबा आणून ठेवलेला होता. ते घड्याळाकडे बघत होते.

गावात फटाके वाजले. जिनदास खड्ड्यात उतरला आणि बूच सैल केलं. जुनं तेल काळं, दाट, धार धरून खाली आलं. इनोकाने वाकून पाहिलं. या वेळी तिने सगळंच पाहिलं. धार थेंबांवर आली, थेंब थांबले, बूच परत बसलं, नवं तेल आत गेलं. इंजिन थोडं चालवून थांबवलं. जिनदासने पट्टी काढली आणि कालच्याच फडक्याला टेकवली. सहा डागांशेजारी सातवा पडला, मधाच्या रंगाचा.

त्याने फडकं इनोकाच्या हातात दिलं.

"बघितलं," ती म्हणाली.

तो चावीकडे वळणार, तोच तिने त्याला थांबवलं आणि स्वतः आत बसली. आकडा पाच हजारावरून उतरत चार हजार नऊशे ब्याण्णववर आला होता. आठ किलोमीटर व्हॅन खोट्या आकड्यावर धावली होती.

"कुठला खुंटा?"

"काट्याजवळचा. दाबून धर. लुकलुकला तरी सोडू नकोस."

तिने धरला. आकडा लुकलुकला, गेला, आणि पाच हजार होऊन आला. दिवा कालपासून विझलेलाच होता, तसाच राहिला.

मुदलाली पुढे आले आणि केळीच्या पानात बांधलेला दूधभात तिच्या शेजारच्या सीटवर ठेवला. "घाटाच्या पायथ्याशी थांबून खा," ते म्हणाले. "चढायच्या आधी."

व्हॅन निघाली. जिनदास ती दिसेनाशी होईपर्यंत उभा होता. मग त्याने दुसरं, कोरं फडकं खिशात घातलं आणि तो जीपकडे गेला.