भागूबाईच्या हातचं पाणी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. आणि ती तर म्हणायची, याच्या तोंडात तीळ भिजत नाही! एवढा एक तीळ मात्र मी जन्मभर तोंडात धरला. आज थुंकायला बसलोय, तर जीभ उचलत नाही.

स्वातंत्र्य मिळून एखादं वर्ष झालं असेल. खालापूरजवळच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. शाळा एका खोलीची, पुढे पडवी, आणि पडवीसमोर गावची विहीर. सरकारी पैशातून बांधलेली, म्हणजे सगळ्यांची. पण महारवाड्यातल्या बायकांनी कळशी घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतलेलं घ्यायचं, नाहीतर सरळ पाताळगंगा नदीची वाट धरायची. त्यांची मुलं माझ्या शाळेत पडवीत बसत. आत का नाही घेतली? हा प्रश्न मला तेव्हा कधी पडलाच नाही.

भागूबाईला पडला. तिचा नवरा ठाकुरवाडीला रेल्वेच्या कामावर होता. आता सार्वजनिक विहिरीवर कुणाला अडवायचं नाही, तसा कायदा झालाय, हे तिला त्याच्याकडून कळलं. बाई उठली, उन्हातून चालत कचेरीत गेली आणि तक्रार देऊन आली. चौकशीला साहेब येणार असा निरोप आला, तेव्हा गावाची पाचावर धारण बसली.

संध्याकाळी पाटील माझ्याकडे आले. "मास्तर, ती पाणी काढंल. तुमी सायबासमोर ओंजळभर प्यायचं. येवढंच. सायब गेला की मंग आमी हाय आन आमची विहीर हाय."

म्हणजे मला सगळं माहीत होतं. तरी मी हो म्हणालो. नोकरी गावाच्या मर्जीवर, राहायची खोली पाटलांची... जाऊ दे. ही कारणं मी इतकी घोकलीत की आता माझी मलाच शिसारी येते.

साहेब आले. भागूबाई पोहरा धरून विहिरीच्या काठावर उभी राहिली. तिनं साहेबांकडे पाहिलं नाही, पाटलांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, काढू ना? खरंच?"

"काढ, भागूबाई. आता ही विहीर तुझीसुद्धा आहे."

तिनं पाणी काढलं, माझ्या ओंजळीत ओतलं, मी प्यालो. गार होतं. बाई पदर तोंडाशी धरून रडायला लागली — आनंदानं हो! साहेब खूश होऊन टांग्यात बसले. आणि मी घरी जाऊन पुन्हा अंघोळ केली. का केली, ते सांगायला हवं का?

दुसऱ्या दिवशी शाळा भरली होती. भागूबाई आली, एकटीच, कळशी घासून लखलखीत केलेली. सरळ विहिरीवर चढली. मग आरडाओरडा, दगडावर कळशी आपटल्याचा आवाज. आणि तिची हाक —

"गुरुजी! सांगा ना यांना! तुमी प्यालात ना माज्या हातचं?"

दार उघडंच होतं. मी... मी मुलांना म्हणालो, पाढे म्हणा. मोठ्यानं.

मुलं बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली. पडवीतून भागूबाईची सखूही म्हणत होती. आईकडे बघत होती, रडत होती, आणि पाढा म्हणत होती. गुरुजींनी सांगितलं होतं ना! तिचा तो आवाज आठवला की आजही काळीज फाटतं. मी तिला थांब म्हणालो नाही.

त्यानंतर सखू शाळेत आली नाही. पाऊस तोंडावर आला तेव्हा एक दिवस मायलेकी पडवीपाशी येऊन उभ्या राहिल्या. भागूबाईच्या कडेवर तीच कळशी, एका बाजूनं चेपलेली. कचेरीचं उत्तर आलं होतं. त्याचीच तर ती वाट बघत होती — साहेब भला माणूस, तो लिहील, मग विहिरीवर कुणी अडवायचं नाही. वाचून दाखवायला मी हात पुढे केला.

"नको गुरुजी. माजी सखू वाचंल. तुमीच शिकवलंय ना तिला."

सखू बोट ठेवून वाचू लागली. अर्जदार बाईने स्वतः पाणी काढले. शाळामास्तर यांनी ते समक्ष प्राशन केले. सबब तक्रारीत तथ्य दिसून येत नाही.

एका शब्दाला ती अडखळली होती. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली.

"गुरुजी, प्राशन म्हंजे काय?"

"पिणं," मी म्हणालो.

भागूबाई माझ्याकडे बघत राहिली. मग चेपलेली कळशी सावरली, सखूचा हात धरला आणि विहिरीला वळसा घालून पाताळगंगेच्या वाटेला लागली.