सगळं घर तपासणीला

आमच्याकडे दवाखान्यात कोणी एकटं जात नाही. मुलीचं वर्गात लक्ष टिकत नाही म्हणून तिला चंद्रपूरच्या डॉक्टरबाईंना दाखवायचं ठरलं, तर गोंडपिपरीहून माझा भाऊ, बहीण आणि बाबाही जीपमध्ये चढले. "तुमचं काय काम तिथं?" म्हणून मी ओरडले. कोणी ऐकेल तर शपथ!

डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "दुसऱ्याचं बोलणं संपायच्या आत ही मध्येच…"

"हो! बोलते!" तिघंही एकदम ओरडले.

"वस्तू विसरते?"

भाऊ तावातावाने सांगायला लागला आणि सांगता सांगता त्याला आठवलं, मुलीची फाईल जीपमध्येच राहिली. तो पळाला. बहीण पंख्याचं बटण शोधायला भिंतीवरची सगळी बटणं दाबत सुटली. बाबा खुर्चीवर टेकायलाच तयार नव्हते. घडीत खिडकीशी, घडीत वजनकाट्यावर. मुलगी मात्र गुपचूप बसून हा तमाशा बघत होती. मला हसू आवरेना, डॉक्टरबाईंनाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं. असं लक्ष न टिकणं, एका जागी न बसणं हा आळस नाही, वांडपणाही नाही. अजून तपासू, शाळेशी बोलू, लागलं तर औषध देऊ. हे पुष्कळदा घराण्यातच असतं, आणि मारून तर मुळीच जात नाही.

बाबा वजनकाट्यावरून उतरले आणि खुर्चीत बसले.

"बाई," ते म्हणाले, "मले तर मास्तर खांबाले बांधून ठेवत होते. त्याइले हे कोणी काऊन नाई सांगतलं?"