कोणती क्लिप?

गुंताबाईबद्दल लिहावं इतकी तिची माझी ओळख नव्हती. दोंडाईच्यात आमची घरं लागून, मधे एक भिंत. ती मला नाना म्हणायची. तिचं माहेर कुठलं, शाळेत गेली होती का, यातलं मी काही विचारलं नाही. मिरचीच्या हंगामात ती देठं खुडायला जायची आणि घरी आल्यावर हातांची आग शमेपर्यंत कुणाच्या लेकराला उचलून घ्यायची नाही, एवढं मात्र भिंतीपलीकडून कळायचं.

तिचा धाकटा भाऊ योगराज. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि डायलिसिससाठी त्याच्या धुळ्याला सारख्या फेऱ्या चालू होत्या. सगळ्यांची तपासणी झाली. बहिणीचं जुळलं. तिनं लगेच होकार दिला. तिचा नवरा गिरधर बाजारात हमाली करतो. तो चिडवायचा, "भाऊले किडनी देशी, मंग माले भाकर कोन देई?"

"काबरं? तुमना हात कोठे गयात?"

जळगावच्या डॉक्टरांनी समजावलं, की पोट फार कापायचं नाही, दुर्बिणीतून काढू, बाई लवकर उठेल. ते ऐकून ती मला म्हणाली होती, "नाना, दुर्बिन लाईसन काय देखतीन? मन्हा पोटमा चांद शे का?" मी हसलो. मलाही नीट कळलं नव्हतं. तिच्या डाव्या मूत्रपिंडाला रक्त आणणाऱ्या एकीऐवजी दोन रक्तवाहिन्या आहेत, तरी अडचण नाही, असं ते म्हणाले होते. आम्ही दोघांनी मान हलवली. सोबत वाचता येणारं माणूस हवं म्हणून गिरधरनं मला नेलं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं सांगितलं, बांगड्या, नाकातली चमकी, केसांतल्या क्लिपा सगळं काढा. गुंताबाईनं काढलं आणि लुगड्यात बांधून गिरधरकडे दिलं. दुपारपर्यंत दोन्ही ऑपरेशनं झाली. बहिणीचं मूत्रपिंड भावाला बसलं, ते काम करायला लागलं. गिरधर जिन्यावर बसून रडला आणि मग त्यानं मला पेढे आणायला धाडलं.

मी पेढे घेऊन परत आलो तर माणसं धावत होती. गुंताबाईचा रक्तदाब एकदम कोसळला होता. तिला पुन्हा आत नेलं होतं. बऱ्याच वेळानं एक तरुण डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "आतली क्लिप सरकली. खूप रक्त गेलंय. पोट उघडलंय, प्रयत्न चालू आहेत." आणि लगेच आत गेले.

गिरधर माझ्याकडे वळला. "मी तिले सकायमाच सांगं व्हतं, केसमधल्या क्लिपा काढी टाक! आयकस का ती कोनं! अंबाडामा एखादी ऱ्हाई गयी व्हई."

मला ते खरं वाटलं. केसांतली क्लिप पोटात कशी जाईल, हा प्रश्नच मला पडला नाही. नर्सनं काढायला लावल्या म्हणजे त्यात काही धोका असणारच, असं मी धरून चाललो. गिरधरनं लुगड्याची गाठ सोडली. बांगड्या होत्या, चमकी होती, क्लिपांची जोडीही होती. तो ती हातात घेऊन बघत राहिला. "दोन्ही आठेच शेतस. मंग कोनती क्लिप सरकनी, नाना?"

दिवस मावळायच्या आत ती गेली. नंतर मोठ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्रपिंड काढताना जी रक्तवाहिनी कापतात तिच्या तोंडाला लहानशी चिमटी लावतात, तिलाच ते क्लिप म्हणतात. ती सुटली. का सुटली, दोन रक्तवाहिन्या होत्या म्हणून का, हे मी विचारलं. ते म्हणाले, आत्ता सांगता येणार नाही. गिरधरनं ऐकून घेतलं आणि चित्राकडे बोट दाखवून विचारलं, "म्हणजे तिची चूक नही ना?" डॉक्टर नाही म्हणाले. तरी गावात अजून कुणी कुणी म्हणतं, क्लिप काढायची विसरली बिचारी. मी सांगायला जातो आणि मधेच माझाच गोंधळ होतो.

योगराज पलीकडच्या खोलीत होता. "अक्का कशी शे?" तो काचेआडून खुणेनं विचारायचा. आम्ही झोपल्याची खूण करायचो. त्याला सांगितलं तेव्हा तो बरा होत होता. मला आनंद मानावा की काय करावं कळेना. अजून कळत नाही.

तिच्याशी शेवटचं बोललो ते त्याच दुपारी, पेढे आणायला निघण्याआधी. गिरधरला नळ्या बघवेनात, म्हणून त्यानं मलाच आत पाठवलं होतं. तिचे ओठ कोरडे पडले होते, पण ती शुद्धीत होती.

"नाना, योगराजले लघवी व्हयनी का?"

"व्हयनी. पिशवी भराई ऱ्हायनी."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी वळलो तर म्हणाली, "मंग तुम्ही जेवी ल्या. सकायपाईन उपाशी शेतस."

"जेवस, जेवस," मी म्हणालो.