इथं 'बसा' म्हणत नाहीत

लग्नघरात किस्से होतात, ऑफिसात होतात, हे सगळ्यांनाच ठाऊक. पण दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एका खोलीत इतके किस्से साठत असतील असं कोणी मला आधी सांगितलं असतं, तर मी रागावलेच असते. दुःखाची जागा ती, तिथे कसले किस्से! पण तिथे कोणी रडलं की दुसऱ्याने लगेच काहीतरी सांगून हसवायचं, अशी रीतच होती. मग माझ्याजवळही साठत गेले.

*

दिल्लीहून समाजकार्य शिकून मी नागपूरला परतले, तेव्हा माझ्या डोक्यात अख्खा समाज होता आणि घरात बाबा होते. बाबा मिलमध्ये कामाला. दारूपायी त्यांचं जेवण जवळजवळ सुटलं होतं. दारू सोडणाऱ्यांचा एक गट लकडगंजात कुठेतरी भेटतो, एवढंच कानावर आलं होतं. निघाले!

पानठेल्यावर विचारलं, "दादा, दारू सोडायची बैठक कुठे असते?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सोड्याची बैठक? मंग थे इंग्लिश पेनारे. मांगच्या गल्लीत जा." मग जरा खालच्या आवाजात, "पण ताई, तुमी बसता?"

आपल्याकडे 'बसणे' म्हणजे काय, हे मी दिल्लीत पार विसरून गेले होते!

*

मागच्या गल्लीत बैठक खरंच जमली होती. ग्लासांसकट! मी तिथेही तोच प्रश्न विचारला. सगळे खाली पाहू लागले. कोपऱ्यातून एक आरागिरणीवरचा माणूस उठला. देवाजी त्याचं नाव.

"चला बाई, मी दाखवतो. शाळेमांगची खोली हाय. मी जात होतो तिथं."

खोलीच्या दारात रामटेकेकाका उभे होते. रिटायर्ड पोस्टमन; गट तेच चालवायचे. म्हणाले, "आला का गा देवाजी?"

"मी नाही आलो. बाईले पोचवाले आलो!"

त्यानंतर मी दर शनिवारी तिथे मदतीला जाऊ लागले, आणि देवाजी मला 'पोचवायला' येऊ लागला. रस्ता मला केव्हाच पाठ झाला होता. तो विषय ना त्याने कधी काढला, ना मी.

*

पहिल्याच दिवशी मी एका नवख्याला म्हटलं, "या, बसा."

रामटेकेकाका हळूच म्हणाले, "इथं 'बसा' म्हणत नाही वं पोरी. 'चाल, बसू' म्हणत म्हणतच आमचं वाटोळं झालं. इथं 'टेका' म्हणतात."

काका स्वतः तर इतके पक्के, की कोणाच्या घरी गेले आणि यजमान 'बसा' म्हणाला, तर उभ्यानेच बोलून परत यायचे!

पुढे एक कारकून आला. घाबरलेला, शर्टाचं बटण तुटलेलं. काका त्याला म्हणाले, "टेका गा, टेका!" तर त्याने चटकन चपला काढल्या आणि भर सभेत काकांसमोर माथा टेकला!

*

मग मी एकदा लिव्हरचा मोठा तक्ता भिंतीला लावून व्याख्यान दिलं. मनापासून दिलं. शेवटी विचारलं, "काही शंका?"

देवाजी कितीतरी वेळ तक्त्याकडे पाहत होता. म्हणाला, "बाई, थे झाका. कलेजी पाहून मले चखना आठवून राहिला."

कोणी हसलं नाही. मी तक्ता गुंडाळला, तो कायमचाच.

*

घरी मात्र माझं काही चालेना.

"बाबा, मीटिंगला चला."

"मी दारुड्या हाय का वं?"

"नाही हो बाबा."

"मंग काहून येऊ?"

पुढच्या शनिवारी मी धीर करून म्हटलं, "बाबा, तुम्ही दारुडे आहात."

"मंग दारुड्याले मीटिंगमंधी कोन घेते?"

तेव्हा मी उपदेश सोडला आणि जेवताना नुसते किस्से सांगू लागले. ते माथा टेकल्याचं ऐकून बाबांना हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "लय येडपट लोक हाय वं." थोड्या वेळाने, ताटाकडे पाहत, "कोनत्या वारी असते थे?"

"शनिवारी."

"मंग ह्या शनिवारी मले नेजो."

त्यांचे डोळे तेव्हाच पिवळे झाले होते.

*

त्या शनिवारी बाबा सरकारी दवाखान्यातल्या खाटेवर होते. डॉक्टर मला व्हरांड्यात नेऊन हळू आवाजात बोलले होते. मी खोलीवर निरोप पाठवला, बाबांना आणणार होते, पण ते दवाखान्यात आहेत; आज येत नाही.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला वॉर्डाच्या दारात चपलांचा आवाज झाला. अख्खी मीटिंगच आली होती! पुढे रामटेकेकाका, मागे देवाजी, तो कारकून, सगळे. खाटेभोवती उभे राहिले. देवाजी मला म्हणाला, "आज बाबाले पोचवाचं होतं ना, बाई."

बाबांनी डोळे उघडले. एकेकाचं तोंड पाहिलं. मग हात उचलून, घरी पाहुणे आल्यावर म्हणायचे तसंच म्हणाले, "असे उभे काहून? बसा ना गा!"

सगळ्यांनी रामटेकेकाकांकडे पाहिलं.

काकांनी चपला काढल्या. खाटेला लागून खाली फरशीवर मांडी घातली, आणि बाबांचा हात हातात घेतला.

"बसलो, भाऊ."