येगळी चूल

कापूरहोळ फाट्यावर रेडिओ दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. दुपारी काम बाजूला ठेवून ते एकच इंग्रजी रेकॉर्ड लावायचे. गाजलेल्या बँडमधून बाहेर पडलेल्या एका गवयानं ती एकट्यानं काढलेली. कुणी घेईना म्हणून पुण्याच्या दुकानात पडून होती, तिथून मिस्त्रींनी आणलेली. गाणं सुरू झालं की मिस्त्री डोळे मिटत आणि एसटीनं उडवलेली धूळसुद्धा मला सावकाश खाली बसताना दिसे.

एकदा मी म्हणालो, "बँडात होता तेव्हाच हा बरा गायचा."

"तवा चौघांची चूल व्हती, गुरुजी. मग ह्यो येगळा निगाला. पयली भाकर करपनारच की. पर चव बगा, सोताची हाय."

रेकॉर्ड संपली, सुई नुसती विझत्या विस्तवासारखी चरचरत राहिली. मी ती उचलायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. इस्तू इजू द्या आदी."