मर्नाँगचा वाफा

वर्नाताईच्या वाफ्याला हात लावायची गावात कुणाची छाती नव्हती. मुलखाची हट्टी बाई! ऑस्ट्रेलियातल्या पश्चिम व्हिक्टोरियात, त्या गावी, रेल्वेरुळाच्या कडेला, जिथं गोऱ्यांच्या मेंढ्यांचं तोंड कधी पोचलं नाही, तिथं तिला मर्नाँग या रानकंदाची चार रोपं सापडली होती. त्यांचं बी जमवून तिनं घरामागं वाफा केला. पहिली पिवळी फुलं आली तेव्हा ती ढसाढसा रडली. तिच्या आदिवासी आजीच्या आजीनं खाल्लेला हा कंद पुढं मेंढ्यांनी माळावरून संपवला, खुद्द आजीला तो नुसता ऐकून माहीत. वर्नानं वाफ्याला जाळी घातली आणि एकही कंद कुणाला उपटू दिला नाही. स्वतःसुद्धा चाखला नाही.

पण अलीकडे रोपं विरळ होत चालली होती. ती पाणी घाली, तण काढी आणि आतून खचत जाई.

त्या वसंतात धाकटी बहीण बेरिल इस्पितळातून घरी आली. डॉक्टरांनी हात टेकले होते. वाफ्याशी खुर्ची टाकून ती म्हणाली, "ताई, एक मर्नाँग खायला घाल की."

"आहेत किती? संपतील गं."

"नवऱ्याला इतकं जपलं असतंस तर तो टिकला असता!"

वर्नाला हसू आलं आणि रागही. "चेष्टा नको. पुन्हा नाहीसे झाले म्हणजे?"

"अगं, माती बघ, दगड झालीय. आपल्या बायका खणायच्या म्हणून तर माळ पिवळे व्हायचे. आजी सांगायचीच ना, मोठे काढा, बारके परत मातीत घाला? तू नुसता पहारा बसवलास."

वर्नानं मातीत बोट खुपसून पाहिलं, ते आत जाईना. मग उठून खणायची काठी घेऊन आली. जाळी बाजूला करून तिनं पहिला घाव घातला. करंगळीएवढे कंद निघाले. निखाऱ्यात भाजल्यावर त्यांना गोड रस सुटला. बेरिलनं डोळे मिटून एक खाल्ला, दुसरा बहिणीला भरवला. मग खुर्चीतून खाली उतरून ती बारके कंद आपल्या बोटांनी भुसभुशीत मातीत घालू लागली. "ऊठ, दमशील," वर्ना म्हणत राहिली. बेरिलनं ऐकलं नाही.

हिवाळ्याआधी बेरिल गेली. पुढच्या वसंतात, तिनं बारके कंद घातले होते तिथंच वाफा सगळ्यात दाट फुलला. वर्नानं बेरिलच्या लेकींना खणायला बोलावलं. पोरी दुसऱ्या कोपऱ्याकडे वळल्या, त्या जागेवर घाव घालायला त्या धजेनात.

वर्नानं काठी थोरलीच्या हातात दिली आणि तिला त्या फुलांपाशी आणून उभं केलं.

"इथंच खण, बाळा. आईनं तुमच्यासाठीच पुरलेत."