दोनशे मीटरवरची हाक

आठशे मीटर म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या आत पळालं तर पोलीस भरतीत बाईला पुरे वीस गुण मिळतात, आणि वर गेलं की गुण कापायला सुरुवात होते. गणित एवढंच आहे. या एवढ्याशा गणितात माझी सहा वर्षं गेली. आता कुणी कौतुकाने विचारतं, अजून पळतेस का गं, तर मला आधी खाली बसावंसं वाटतं.

मी वाटूरच्या पुढच्या एका गावातली सून. बी.ए. झालेली, एका मुलीची आई. तिसरी भरती ही माझी शेवटची होती, कारण पुढच्या वेळी वय बसणार नव्हतं. घरात कुणी अडवलं म्हणावं तर तसंही नाही. सासू कुरकुर करायची, पण पहाटे मुलीला स्वतःच्या गोधडीत ओढून घ्यायची. नवरा तर माझ्याहून जास्त मागे लागलेला. दुसऱ्या भरतीत लेखी परीक्षेच्या यादीतून मी दोन गुणांनी बाहेर राहिले, तेव्हा मी रडले नाही, तो रडला. मला त्याचाच राग आला होता. रडायचं काम माझं, तेही यानेच उरकून टाकलं.

माझा दोष ठरलेला होता. शिट्टी वाजली की वीस-पंचवीस पोरी सुटतात, आणि मागे राहायची भीती अशी असते की मीही त्यांच्याबरोबर जीव खाऊन सुटायचे. पहिले दोनशे मीटर चौतीस सेकंदांत. मोठी शान वाटायची. दुसऱ्या फेरीच्या वळणावर मात्र मांड्या जड व्हायच्या, तोंडाला फेस यायचा, आणि ज्यांना मी मागे टाकलं होतं त्या एकेक करून बाजूने निघून जायच्या. दोन्ही वेळा हेच झालं. शिकले मी काहीच नव्हते.

तिसऱ्या खेपेला नवरा मला गावातल्या एका रिटायर फौजींकडे घेऊन गेला. नात्याने ते चुलत सासरे लागतात, म्हणून मी डोक्यावर पदर घेऊन गेले. त्यांनी आधी तो पदर खाली घ्यायला लावला, मग माझी नाडी पाहिली आणि मुलीच्या वहीच्या पानावर चार आकडे लिहिले. अडतीस, चाळीस, एक्केचाळीस, एकोणचाळीस. दर दोनशे मीटरचे सेकंद. बेरीज दोन मिनिटं अडतीस.

"सूनबाई, पहिले दोनशे लय गोड लागतात," ते म्हणाले. "तिथं सगळ्यायला पुढं जाऊ दे. बिलकुल मागं पाहू नको, बाजूला पाहू नको. पळण्याची खरी जागा तिसरे दोनशे. तिथं तुझ्यात काही उरलेलं पाह्यजे."

"आन् मागंच राह्यले तर, काका?"

"त्या पोरी तुझ्यासाठी थोड्याच पळून राह्यल्या. घड्याळ तुझं हाय ना? मंग घड्याळाचं ऐक."

पण घड्याळ भरतीत हातात घालू देत नाहीत. म्हणजे ते चार आकडे अंगात मुरवायचे, पायांना सेकंद कळले पाहिजेत. त्यासाठी मैदान पाहिजे, आणि आमच्या गावात शाळेचं मैदान आहे तेही एका बाजूने लग्नाच्या मांडवाला आणि दुसऱ्या बाजूने ट्रॅक्टर लावायला दिलेलं. तेव्हा नवऱ्याने सोयाबीन निघालेल्या एका तुकड्यात हरभरा पेरलाच नाही. तो तुकडा तसाच ठेवला, ढेकळं फोडली, आणि घरातून ठिबकच्या नळीचं बंडल आणलं.

आमच्याकडे चारशे मीटर म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढे ठिबकच्या नळीचं बंडल येतं. बांध किती लांब? दोन बंडलं. विहीर किती दूर? एक बंडल धर. टेप घेऊन कुणी मोजत नाही. नवऱ्याने बंडल उलगडून शेतात लांबट गोल घातला, नळीच्या कडेकडेने फक्कीची पांढरी रेघ ओढली, अर्ध्यावर माझ्या जुन्या साडीची चिंधी काठीला बांधून रोवली. झालं मैदान. जाणारे-येणारे थांबून विचारायचे, काय पेरलंय? तो माझ्याकडे बोट दाखवायचा.

दिवसभर कापूस वेचायचा, पाठ मोडेपर्यंत. सकाळचं पळणं त्याच्या आधी. उजाडताच मी रेघेवर उभी राहायची आणि तो मोबाईल घेऊन चिंधीपाशी. मी चिंधीवरून गेले की तो ओरडून सेकंद सांगायचा, आणि मी वळून येईपर्यंत मधून आडवा पळत सुरुवातीच्या रेघेवर हजर. चपला हातात घेऊन. खरं तर दोघंही पळायचो, गुण फक्त एकीला मिळणार होते. हळूहळू पाय शिकले. पहिल्या दोनशेला मी दात खाऊन स्वतःला मागे ओढायची. एके सकाळी तो ओरडला, "दोन सदतीस!" आणि मी त्या ढेकळांतच बसले आणि खूप हसले. कितीतरी वर्षांनी तशी हसले असेन. तो मात्र मोबाईलकडेच बघत राहिला होता.

भरतीला बारा दिवस उरले तेव्हा फौजीकाका बघायला आले. मी पळाले, दोन अडतीस लागले. ते रेघेवरून एक फेरी चालून आले आणि म्हणाले, "या भुसभुशीत मातीत दोन अडतीस? टेप आणा बरं."

बांधकामवाल्याकडून टेप आणला. एक फेरी तीनशे एक्क्याऐंशी मीटर भरली. बंडलातले तुकडे नवऱ्याने मागच्या उन्हाळ्यात मोसंबीच्या फुटलेल्या नळ्यांना जोडले होते. म्हणजे दोन फेऱ्यांत मी अडतीस मीटर पळतच नव्हते. काकांनी तोंडी हिशोब केला. माझे खरे आठशे दोन पंचेचाळीसच्या आसपास जात होते.

"ध्यानातच न्हाई राह्यलं," नवरा म्हणाला.  काका गेल्यावर मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्याला खोटं फार वेळ धरून ठेवता येत नाही.

"त्या सकाळी समजलं मला," तो म्हणाला. "दोन सदतीस आले तव्हा. मनात आलं, एवढं कसं? मंग तुकडे आठवले. पण तू हसून राह्यली होती. तोंडातून निघालंच न्हाई."

"आन् मंग रोज? रोज ओरडून सांगत होते ना?"

"रोज वाटायचं, आज सांगू."

टेप मी विहिरीत टाकणार होते, दुसऱ्याचा होता म्हणून टाकला नाही. चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. भाकरी वाढायची, ताट आपटायची. खरं सांगायचं तर राग कमी आणि थकवाच जास्त होता. बाहेरच्या माणसाने फसवलं तर भांडता येतं. जीव लावून फसवणाऱ्याशी कसं भांडायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

काकांनी धीर दिला. म्हणाले, कडक मैदानावर मातीपेक्षा चार-पाच सेकंद सुटतात, वेळ काठावर आहे, पण आहे. आकडे तेच ठेव, ऐनवेळी बदलू नकोस. नवऱ्याने रेघ बाहेर सरकवून बरोबर चारशेची केली. एकदा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता खरंच सांगीन. कमी न्हाई, जास्त न्हाई." मी हो म्हणाले. तोंडाने म्हणाले.

जालन्याला भरतीच्या दिवशी मैदानाच्या तारेबाहेर घरच्यांची गर्दी होती. आत कुणाला सोडत नाहीत. नवरा समोरच्या बाजूला, बरोबर दोनशे मीटरच्या खुणेपाशी, तार धरून उभा. मी तिथून दोनदा जाणार होते, एकदा दोनशेला, एकदा सहाशेला. गोळा आणि शंभर मीटर माझे ठीक झाले होते. पायाला वेळ मोजणारी चिप बांधली, छातीवर नंबर लावला, शिट्टी वाजली.

पोरी उधळल्या. मी उधळले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला आवरलं. वळणावर माझ्या मागे दोघी होत्या, पुढे वीसजणी, आणि पाय इतके हलके चाललेले की मला वाटलं, मी चालतेय की काय. समोर तार दिसली. त्याची हाक आली, "अडतीस! बराबर हाय! अशीच ये!"

अडतीस म्हणजे वहीत लिहिलेलं तंतोतंत. आणि माझ्या मनात आलं, पुन्हा गोड बोलतोय हा. वीस पोरी पुढे आहेत, मला दमही लागलेला नाही, हे अडतीस कसं असेल? चाळीस असेल, एक्केचाळीसही असेल. मला वाईट वाटू नये म्हणून कमी करून सांगतोय. एवढा विचार करायला दोन-तीन पावलं लागली असतील. मी पाय उचलले.

दुसऱ्या दोनशेत मी नऊजणींना मागे टाकलं. तिसऱ्या दोनशेत, जिथे अंगात काही राखून ठेवायचं होतं तिथे, मी होतं नव्हतं ते खर्चून टाकलं. सहाशेला तो तारेला लटकून ओरडत होता, "एक पंचावन्न! लय जल्दी झालं, हळू!" त्याचा आवाज फाटला होता. हेही मला खोटंच वाटलं का, ते आठवत नाही, कारण तोवर मांड्या गेल्या होत्या. शेवटचे दोनशे मी कसे आणले ते माझं मला माहीत. चौघी बाजूने गेल्या. वेळ लागला दोन मिनिटं बेचाळीस सेकंद. दोन गुण गेले.

बाहेर आले तर त्याने आधी पाणी दिलं, मग मोबाईल पुढे केला. हाक देताना तो दरवेळी बटण दाबायचा, त्या वेळा ओळीने लागल्या होत्या. पहिली ओळ अडतीस पूर्णांक चार. मी ती पाहिली आणि मोबाईल परत दिला.

"मी खरं सांगितलं, बघ," तो म्हणाला. "दोन्ही टायमाला."

"हो," मी म्हणाले.

काही दिवसांनी लेखीची यादी लागली. एका गुणाने मी बाहेर होते. तो तुकडा आता पुन्हा पेरला जातो. नवऱ्याने यावेळी रडणं वगैरे काही केलं नाही. पण मनातून त्याने सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला आहे. त्या कापलेल्या नळीमुळे, त्याच्या गप्प बसण्यामुळे माझी नोकरी गेली असं त्याला वाटतं, आणि पाहुण्यांपुढे तसं तो बोलूनही दाखवतो. पाहुणे त्याची समजूत घालतात, मी चहा ठेवायला उठते. त्या दिवशी त्याने खरं सांगितलं होतं आणि मी ते मानलं नाही, म्हणून मी हरले, हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.